बेदाण्याची गोष्ट, इंग्रजीत

(दृश्य: तासगावकडचं बेदाणा शेड. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं.)

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मोठ्यांची धास्ती खोटी नाही. तरी इंग्रजीच्या तासाला हाच मोबाईल हवा, असं आमचं म्हणणं आहे. बघायला नव्हे, बोलायला.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. पोरं कविता तालात म्हणतात, स्पेलिंगं घडाघडा सांगतात. 'काल काय केलंस?' एवढं इंग्रजीत विचारा, वर्ग चिडीचूप.

(दृश्य: पाटीवर रंगवलेले घड.)

स्वतःच्या आवाजात, चार फोटो जोडून दोन-तीन मिनिटांची गोष्ट सांगायची, ही डिजिटल गोष्टीची रीत १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजली. तिथं ती मुख्यतः मोठ्यांसाठी होती. चौथीच्या वर्गात सहा चित्रं, सहा वाक्यं आणि बाईंचा एक फोन पुरे.

विषय घरचाच घ्यावा. इथल्या पोराला बेदाणा कसा होतो ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. घड तोडले, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवले, जाळीवर टाकले, पंधरवड्यात वाळले, मग झाडले, निवडले. आधी हे मराठीत सांगू द्यावं. मग 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट'. पुढं काय झालं ते पाठ असतंच, शोधायची ती फक्त इंग्रजी वाक्यं. 'डिप्ट', 'ड्राइड' ही भूतकाळाची रूपं इथं खरोखर कामाला येतात.

(आवाज: मुलांचा गलका, मग शांतता.)

खरी मजा रेकॉर्डिंगला. मूल वाक्य बोलतं, ऐकतं आणि स्वतःच ओरडतं, "बाई, परत!" 'ड्राइड'चा शेवट गिळला गेला, हे त्याला बाईंच्या आधी कळतं. मग तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, कुणी न सांगता. वर्गापुढं तोंड न उघडणारी पोरगीसुद्धा कोपऱ्यात फोनशी बोलते.

अ‍ॅनिमेशन, पार्श्वसंगीत वगैरे सोडून द्या. त्यात तास जातो. चेहरेही नकोत, चित्रं भागवतात. नमुन्याला प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि इंग्रजी चित्रगोष्टी फुकट मिळतात.

गोष्ट झाली की वाळव्याकडच्या, उसाच्या गावातल्या शाळेला पाठवा. तिकडून प्रश्न येईल, 'व्हाय डिड यू डिप द ग्रेप्स?' सालीवरचा मेणाचा थर सुटतो, पाणी लवकर उडतं, हे इंग्रजीत सांगायचं तर आधी शेडवर जाऊन काकांना विचारावं लागेल. बाईंनासुद्धा.