लॉगमधल्या ओळीपासून फायरवॉलच्या बंदीपर्यंत

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, अख्खं इंदूर राजवाड्याच्या आसपास लोटलेलं असतं. त्या दुपारी शाळेचा, पतसंस्थेचा किंवा सियागंजातल्या पेढीचा सर्व्हर बघत कुणी बसलेलं नसतं. इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरचं २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या एसएसएच सेवेचं दार, मात्र त्याही दुपारी कुणीतरी ठोठावत असतं. ठोठावणारे बहुतेक प्रोग्रामच असतात. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं आणि सोप्या पासवर्डांची यादी घेऊन ते एकामागून एक आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्राची ओळख असलेला क्रमांक) चाळत जातात. संस्था लहान आहे म्हणून तुम्हाला कुणी वगळत नाही, कारण तुम्ही कोण हे त्या प्रोग्रामला ठाऊकच नसतं. चोवीस तास चालणाऱ्या या प्रकाराला माणसाचा पहारा पुरत नाही. लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहीत जातो ती नोंदवही, वाचून आपोआप बंदी घालणारी व्यवस्था त्यासाठी लागते. आज मी फेलटूबॅनबद्दल बोलणार आहे. हा पायथनमध्ये लिहिलेला मुक्त प्रोग्राम लिनक्सवर वर्षानुवर्षं वापरात आहे.

त्याचं काम समजायला सोपं आहे. कुणी चुकीचा पासवर्ड दिला की एसएसएच सेवा लॉगमध्ये एक ओळ लिहिते: अमुक नावासाठी पासवर्ड चुकला, पत्ता २०३.०.११३.७. फेलटूबॅनचा फिल्टर ती ओळ एका ठरावीक साच्याशी ताडून पाहतो आणि तिच्यातला पत्ता उचलतो. एका पत्त्याच्या किती चुका किती वेळात झाल्या, याचा हिशेब जेल, म्हणजे एकेका सेवेसाठीचा नियमसंच, ठेवतं. मर्यादा गाठली की अ‍ॅक्शन फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या दारावरच्या चाळणीत, नियम घालते. मूळ मांडणीत फाइंडटाइम १० मिनिटं, मॅक्सरिट्राय ५ आणि बॅनटाइम १० मिनिटं असतो, म्हणजे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या व्यवस्थेला हल्ला दिसत नाही, दिसते ती लॉगमधली ओळ. ओळीतली वेळ चुकली, पत्ता चुकला किंवा साचा जुना झाला, तर व्यवस्था चालू असूनही काही करत नाही, किंवा भलत्यालाच बाहेर काढते. म्हणून बसवण्यापेक्षा जास्त वेळ मी ओळीवर घालवणार आहे.

बसवणं थोडक्यात सांगतो. पॅकेज टाका, पण जेल डॉट कॉन्फ या फाइलीला हात लावू नका, कारण पॅकेज अद्ययावत होताना ती बदलली जाऊ शकते. आपले बदल जेल डॉट लोकल नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहा. सगळ्यात आधी इग्नोरआयपीमध्ये, म्हणजे कधीच बंदी न घालायच्या पत्त्यांच्या यादीत, ऑफिसचा स्थिर पत्ता घाला, आणि होस्टिंगवाल्याच्या वेबसाइटवरून मिळणारा कन्सोल उघडतो का ते पाहून ठेवा. स्वतःलाच बंदी बसली तर आत शिरायला तोच मार्ग उरतो. दहा मिनिटांची बंदी मला फार तोकडी वाटते. चिवट प्रोग्राम तेवढा वेळ थांबून परत येतो. बंदी एक तासाची करा आणि बॅनटाइम डॉट इन्क्रिमेंट चालू करा. ०.११ आवृत्तीपासून मिळणाऱ्या या सोयीने तोच पत्ता परत आला की बंदी दर वेळी वाढत जाते. या वाढीची कमाल मर्यादा, म्हणजे मॅक्सटाइम, एक आठवडा ठेवला की पुरे.

आता ओळ. पहिला प्रश्न, ती आहे कुठे? डेबियन १२ या लिनक्समध्ये लॉग फाइलीत लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही. त्यामुळे ऑथ डॉट लॉग ही फाइलच तयार होत नाही, सगळं सिस्टिमडीच्या जर्नल या नोंदसाठ्यात जातं. फेलटूबॅन फाइल शोधतो, एसएसएचच्या जेलसाठी लॉग सापडला नाही असं म्हणतो आणि सुरू व्हायलाच नकार देतो. अनेक जण इथेच कंटाळून सोडून देतात. उपाय दोन मिनिटांचा आहे: पायथनचं सिस्टिमडी पॅकेज टाका आणि जेलमध्ये बॅकएंड सिस्टिमडी असं लिहा.

दुसरा प्रश्न साच्याचा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये सेवेचे दोन भाग झाले, आणि बऱ्याच ओळी एसएसएचडीऐवजी एसएसएचडी-सेशन या नावाने उमटू लागल्या. जुन्या फिल्टरला हे नाव माहीत नसेल तर जेल हिरवंगार दिसतं आणि पकडलेल्यांची संख्या शून्यावरच राहते. म्हणून सर्व्हर अद्ययावत केला की फेलटूबॅन-रेजेक्स ही आज्ञा चालवा. ती खऱ्या लॉगवर फिल्टर लावून किती ओळी जुळल्या आणि किती सुटल्या ते सांगते. इंटरनेटला उघड्या सर्व्हरवर, पासवर्डने प्रवेश चालू असताना, आठवडाभरात एकही ओळ जुळली नाही तर आनंद मानू नका, फिल्टर तपासा.

स्वतःचा साचा लिहिताना तो ओळीच्या सुरुवातीपासून घट्ट बांधा. लॉगमधला काही मजकूर हल्लेखोरच पुरवतो, उदाहरणार्थ वापरकर्त्याचं नाव. त्या नावाच्या जागी त्याने दुसऱ्याचा पत्ता असलेलं वाक्य टाकलं आणि साचा सैल असला, तर बंदी त्या दुसऱ्यावर बसते. म्हणजे तुमच्याच हातून तुमचा ग्राहक बाहेर काढता येतो.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि आपल्याकडे तो हमखास उद्भवतो. सर्व्हर भारतीय वेळेवर असतो, कंटेनरमधलं (सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात चालणारं) अ‍ॅप्लिकेशन यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितं आणि ओळीत वेळेच्या क्षेत्राची खूण नसते. मग आत्ता घडलेली चूक साडेपाच तास जुनी दिसते. फाइंडटाइम दहा मिनिटांचा असल्याने जुन्या आवृत्त्या ती ओळ टाकून देतात. नव्या आवृत्त्या वेळेच्या गोंधळाचा इशारा लिहितात आणि ओळ आत्ताचीच धरतात, पण त्या सवलतीवर विसंबू नका. अ‍ॅप्लिकेशनला भारतीय वेळ +०५:३० या खुणेसह लिहायला लावा.

चौथा प्रश्न पत्त्याचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. वेबसाइट क्लाउडफ्लेअरसारख्या प्रॉक्सीच्या, म्हणजे मध्ये उभ्या असलेल्या सर्व्हरच्या, मागे असेल तर लॉगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता उमटतो. त्यावर बंदी बसली की त्या वाटेने येणारे सगळेच ग्राहक बंद. एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये रिअल आयपीचं मॉड्यूल वापरा आणि खरा पत्ता सांगणारं हेडर (विनंतीसोबत येणारी नोंद) फक्त प्रॉक्सीच्या अधिकृत पत्त्यांकडूनच स्वीकारा. कुणाकडूनही स्वीकारलंत तर पत्ता कोणता लिहायचा हे हल्लेखोर ठरवेल. शिवाय पॅकेट (डेटाचा तुकडा) येतं ते प्रॉक्सीकडूनच, त्यामुळे आपल्या फायरवॉलमध्ये खऱ्या पत्त्यावर घातलेला नियम काहीच अडवत नाही. तिथे बंदी प्रॉक्सीच्या सेवेत, तिच्या एपीआयमार्फत (प्रोग्रामने आज्ञा देण्याच्या सोयीतून) घालावी लागते.

इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगचं उदाहरण घ्या. वसतिगृहातली दोनशे मुलं एकाच राउटरमधून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच पत्त्यावरून येतात. निकालाच्या दिवशी दहा मिनिटांत पाच पासवर्ड चुकणं तिथे अगदी साहजिक आहे. मोबाइल कंपन्याही एका सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. विद्यार्थ्यांच्या लॉगिनला एसएसएचचे आकडे लावू नका. तिथे मर्यादा ३० ते ५० आणि बंदी १५ मिनिटं ठेवून सुरुवात करा. आयपीव्ही६ मध्ये नेमकं उलटं होतं: एका जोडणीला सहसा ६४ बिटांचा पट्टा मिळतो, त्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. एकेका पत्त्याला बंदी घालून तिथे काही साधत नाही. अख्खा पट्टा बंद होईल असा बदल अ‍ॅक्शनच्या फाइलीत करावा लागतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पासवर्ड चुकला तरी वर्डप्रेस २०० हा उत्तर-क्रमांक देतो आणि बरोबर आला तर ३०२ देऊन पुढे पाठवतो. ४०१ (प्रवेश नाकारल्याचा क्रमांक) शोधणारा फिल्टर तिथे जन्मभर रिकामाच राहील. लॉगिनच्या पानावर पोस्ट (माहिती पाठवणारी) विनंती आणि उत्तर २००, हा साचा धरा.

ओळ बरोबर आली, पत्ता बरोबर आला, तरी बंदी खरंच लागली का हे वेगळं तपासावं लागतं. फेलटूबॅनच्या लॉगमध्ये एकाच पत्त्यासमोर ‘ऑलरेडी बॅन्ड’ पुन्हा पुन्हा दिसलं तर समजा, की नियम आहे पण कुणाला अडवत नाही. याची दोन कारणं वारंवार आढळतात. एक, एसएसएच २२२२ वर हलवलेलं असतं आणि जेलमध्ये पोर्ट २२ च राहिलेलं असतं. दोन, कंटेनर चालवणारं डॉकर. डॉकरने बाहेर उघडलेल्या पोर्टाची वाहतूक फायरवॉलमधल्या नियमांच्या इनपुट साखळीतून जातच नाही, ती फॉरवर्डमधून जाते. जेलमध्ये साखळी डॉकर-यूजर अशी द्या. त्या साखळीपर्यंत येताना पत्ता-पोर्टाची अदलाबदल झालेली असते, म्हणून पोर्टही कंटेनरच्या आतला लिहा: बाहेर ८०८० आणि आत ८० असेल तर ८०.

खात्री करायची रीत अशी. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मुद्दाम चुकीचे पासवर्ड द्या, आणि सहाव्या खेपेला जोडणीच होत नाही ना ते पाहा. मग ऑफिसच्या जोडणीवरून स्टेटसची आज्ञा देऊन तो पत्ता यादीत आला का बघा, आणि अनबॅन करून मोकळा करा. हे न करता व्यवस्था बसवली असं म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही हल्ले या पद्धतीने थांबणारच नाहीत. शेकडो पत्त्यांवरून प्रत्येकी तासाला एकच प्रयत्न झाला तर पाचाची मर्यादा कधीच गाठली जात नाही. एसएसएचसाठी पासवर्ड पूर्ण बंद करून किल्ली (आपल्या यंत्रावरची गुप्त फाइल) वापरणं हाच त्यावरचा इलाज, आणि तो फेलटूबॅनच्या आधी करायचा. वाहतुकीचा लोंढा आणून जोडणीच तुंबवणाऱ्या हल्ल्यात फायरवॉलचा नियम उशिरा पोहोचतो, कारण पॅकेट तोवर तुमच्या दारात आलेलं असतं. ते होस्टिंगवाल्याच्या किंवा प्रॉक्सीच्या पातळीवरच अडवावं लागतं.

शेवटी लॉग जपण्याबद्दल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि नमूद प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. डेबियन आणि उबुंटूवर आरसिसलॉगचे लॉग मुळात आठवड्याला फिरतात, म्हणजे नवी फाइल सुरू होते, आणि चारच जुन्या फाइली राहतात, म्हणजे जेमतेम महिनाभर. हे फिरवणाऱ्या लॉगरोटेटमध्ये चारच्या जागी २६ लिहा, १८२ दिवस होतात. जर्नल वापरत असाल तर ते डिस्कवर कायम राहतं की रीबूटला पुसलं जातं ते आधी पाहा, आणि एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहा. कुणी आत शिरलाच, तर तो पहिल्यांदा याच ओळी पुसेल.