रिव्हर्स पडत नाही

[दृश्य: भांडुपमधल्या एका सोसायटीचं पार्किंग, सकाळ. पझल पार्किंगचा, म्हणजे यंत्रानं सरकणाऱ्या ट्रेंवर गाड्या लावायच्या पार्किंगचा, खालचा ट्रे. चांदी रंगाची सेडान. चार जण बोनेटला हात लावून ती मागे ढकलतायत.]

सकाळचे साडेसात. ही गाडी पुढे जाते, मागे येत नाही.

पझल पार्किंगमध्ये गाडी तोंड पुढे करून आत घालतात. बाहेर काढायची तर रिव्हर्सशिवाय वाट नाही. इंजिन चालू आहे, लिव्हर आर वर आहे, मागचा कॅमेराही लागलाय. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो आणि चाकं जिथल्या तिथे. शेवटी लिव्हर न्यूट्रलला टाकायचा आणि माणसं बोलवायची. वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरचे काका, पेपर टाकणारा मुलगा. स्टिअरिंगवर बसलेले माझे बाबा आहेत.

[दृश्य: बोनेटवरच्या बिल्ल्यावर चिकटवलेली काळी टेप.]

या फिल्ममध्ये दिसणाऱ्या गाड्यांचे बिल्ले आम्ही झाकलेत. काही मालकांच्या तक्रारी अजून चालू आहेत, हे एक कारण. दुसरं म्हणजे आम्हाला गिअरबॉक्सबद्दल बोलायचं आहे, तो उघडता येतो का आणि कुणी उघडायचा याबद्दल.

[दृश्य: बाबांची डायरी, क्लोजअप. निळ्या शाईतलं बारीक अक्षर. पानं उलटणारा हात.]

बाबा गाडीची डायरी ठेवतात. पेट्रोल, किलोमीटर, टायरची हवा. पहिली दोन वर्षं डायरीत दुसरं काही नाही. मग हे पान येतं: "अमर महल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर." चार पानांनंतर: "सायन सर्कल. सिग्नल सुटला, गाडी क्षणभर विचार करत बसली, मग झटका मारून निघाली." आणखी पुढे: "आज आई मागे बसली होती. म्हणाली, गाडीला उचकी लागली का रे?"

[पानं उलटण्याचा आवाज राहू द्यावा. ८ सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य: पूर्व द्रुतगती महामार्ग, संध्याकाळ, पुलावरून खाली. लाल दिव्यांची रांग.]

गाडी उचकी का देते, ते या रांगेत कळतं.

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर पहिल्या दिवशीच बजावतात: हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरू नका, प्लेट जळेल. ऑटोमॅटिक घेतली की डावा पाय मोकळा होतो आणि आपण क्लच विसरून जातो. पण बाबांच्या गाडीसारख्या, ड्युअल क्लच म्हणतात त्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच असतो, एक सोडून दोन असतात. या रांगेत ते अर्धा-अर्धा तास हाफ क्लचवर असतात. दाबणारा पाय तेवढा कॉम्प्युटरचा.

[दृश्य: गॅरेजमधलं टेबल. जुना, कापून ठेवलेला गिअरबॉक्स. मिस्त्रींची बोटं एकेक भाग दाखवतायत.]

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं हे गॅरेज. इथले मिस्त्री पंधरा वर्षं फक्त गिअरबॉक्स उघडतात. त्यांनी एक जुना गिअरबॉक्स कापूनच ठेवलाय, येणाऱ्याला समजावायला.

एका पोकळ दांड्याच्या आत दुसरा दांडा आहे, बघा. एका दांड्याकडे विषम गिअर: पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्याकडे सम: दुसरा, चौथा, आणि त्याच बाजूला रिव्हर्स. प्रत्येक दांड्याला स्वतःचा क्लच. गाडी पहिल्यात धावत असते तेव्हा दुसरा गिअर आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि मध्ये ताकद तुटतच नाही. म्हणूनच शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हला ही गाडी लोण्यासारखी वाटते.

डोकं लढवून केलेलं यंत्र आहे हे, त्याचा मान ठेवायलाच हवा. दोन क्लचची कल्पना १९३९ सालची, आडोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच अभियंत्याची. सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत ती उतरली २००३ साली, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मध्ये. तिथले क्लच तेलात बुडालेले होते. घर्षणाची उष्णता तेल वाहून नेतं. पुढे वजन आणि पेट्रोल वाचवण्यासाठी लहान गाड्यांना कोरडे क्लच आले. कोरड्या क्लचला थंड व्हायला फक्त हवा, आणि गाडी रांगत असेल तर तीही नाही.

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा. एक तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. ट्रॅफिकमध्ये जे काही घसरायचं ते तेल घसरतं. त्यामुळे पेट्रोल थोडं जास्त जातं, पण रांगणाऱ्या रस्त्यावर तो निवांत असतो. मिस्त्रींची स्वतःची गाडी त्याच जातीची आहे. त्यांनी ते हसत सांगितलं, पण तेव्हा कॅमेरा बंद होता.

[दृश्य: रॅम्पवर बाबांची सेडान. खालून शूट. बोल्ट सुटतायत. गिअरबॉक्स जॅकवर हळूहळू खाली येतोय.]

बॅटरी काढली, बॅटरीचा ट्रे काढला, ड्राइव्ह शाफ्ट ओढून घेतले, इंजिनला वरून साखळीचा आधार दिला. गिअरबॉक्स खाली उतरवायला दोन माणसं आणि एक जॅक लागतो. मिस्त्री मापानं बोलतात, पण या वेळी ते पोरांना तीनदा म्हणाले, "घाई नको."

[गिअरबॉक्स जमिनीला टेकेपर्यंत निवेदन नाही. साखळीचा आणि रस्त्याचा आवाज.]

[दृश्य: क्लचचा संच बाहेर. प्लेटवर निळसर-जांभळे डाग. मिस्त्री बोट फिरवतात, बोट काळं होतं.]

हा निळा रंग उष्णतेचा. तवा कोरडाच तापत ठेवला तर लोखंडावर असाच रंग चढतो. ही भुकटी म्हणजे प्लेटचं झिजलेलं अस्तर. सम बाजूची प्लेट जास्त गेलीय. मुंबईत गाडी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, दिवसातून शेकडो वेळा जाते. तिसऱ्या-चौथ्याची पाळी रविवारी पहाटे.

पण रिव्हर्स जाण्याचं कारण इथे निघालं नाही. ते या डब्यात आहे.

[दृश्य: मेकॅट्रॉनिक युनिट. ॲल्युमिनियमचा डबा, आत व्हॉल्व्ह, सर्किट.]

याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात एकाच डब्यात. कॉम्प्युटर ठरवतो, पंप तेलाचा दाब तयार करतो, छोटे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा, तो दाब ठरलेल्या क्लचकडे सोडतात. त्यातला एक व्हॉल्व्ह अडकत होता, सम बाजूचा. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकाच दांड्यावर. म्हणून रिव्हर्स गेला तेव्हा दुसरा गिअरही गेलेला होता. बाबांना वाटत होतं गाडीचा पिकअप कमी झालाय.

करंगळीएवढा व्हॉल्व्ह.

[दृश्य: जेवणाच्या टेबलावर पसरलेली जॉबकार्डं. वरून शूट. बाबांचा हात एकेक पुढे सरकवतो.]

सर्व्हिस सेंटरच्या आत आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही. म्हणून ही पाच जॉबकार्डं. पहिल्यावर लिहिलंय: सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुसऱ्यावर: टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही. तिसऱ्यावर: हे या गाडीचं नॉर्मल लक्षण आहे, ग्राहकाला समजावलं. चौथ्यावर पुन्हा सॉफ्टवेअर. तोपर्यंत वॉरंटी संपली. पाचव्या कार्डाला एस्टिमेट जोडलंय: पूर्ण गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे. त्या आकड्यात अशीच सेडान सेकंडहँड मिळते. व्हॉल्व्हचा उल्लेख पाचातल्या एकाही कागदावर नाही.

[दृश्य: मुलुंडच्या ताई, गाडीत बसून. खिडकीबाहेर पाऊस.]

बाइट: "मला सांगितलं, मॅडम, तुमचा पाय ब्रेकवर जास्त असतो. एकवीस वर्षं गाडी चालवतेय मी. आधीच्या गाडीत माझ्या पायाची कुणी तक्रार केली नव्हती."

ताईंना मिळालं तेच उत्तर जगात इतरत्रही दिलं गेलंय, आणि एका न्यायालयानं ते तपासलंय. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं २०१८ साली फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गाड्या दोन क्लचच्या होत्या. थरथर ही त्या गाड्यांमधल्या दोषाची खूण आहे हे ठाऊक असूनही ग्राहकांना मात्र तुमच्या चालवण्यामुळे असं होतंय असं सांगितलं जात होतं. चीनमध्ये २०१३ च्या मार्चमध्ये सरकारी टीव्हीनं ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात असाच विषय लावून धरला आणि फोक्सवॅगननं ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या.

[दृश्य: मोबाइलवर काढलेला उभा व्हिडिओ. कशेडी घाट, रात्र. डॅशबोर्डवर लुकलुकणारी खूण. मागून ट्रकचा हॉर्न. लहान मूल विचारतंय, "बाबा, आपण मागे चाललोय का?"]

गणपतीला गावी निघालेलं बोरिवलीचं कुटुंब. चढावर रांग. गिअरबॉक्स तापला की त्याचा कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडून देतो. चढावर क्लच सुटला तर गाडी कुठे जाणार?

[व्हिडिओ पूर्ण चालू द्यावा. निवेदन नाही.]

ते सुखरूप पोचले. पुढच्या महिन्यात गाडी विकली, मिळेल त्या भावात.

[दृश्य: ठाण्यातले एक गृहस्थ, सीव्हीटी गाडीसोबत.]

यांची गाडी सीव्हीटी. त्यात पायऱ्यांचे गिअरच नसतात. दोन पुल्या, प्रत्येकीला शंकूसारख्या दोन चकत्या, आणि पुल्यांवर पोलादी पट्टा. चकत्या जवळ-लांब होतात तसा वेग बदलतो. यांच्या गाडीत आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग घोडबंदरच्या चढावर ताकद गेली. सीव्हीटीला नेमून दिलेलं तेल ठरल्या वेळी बदलावं लागतं. यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत त्या रकान्यापुढे बरोबरची खूण आहे. पट्टा तरीही गेला.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. मिस्त्री मायक्रोमीटरनं चकती मोजतायत. ट्यूबलाइटचा प्रकाश.]

नवीन क्लच बसवणं म्हणजे जुना काढून नवा ठोकणं, असं मला वाटायचं. इथे दोन तास नुसती मापं चालली होती. क्लचखाली पोलादी चकत्या बसतात, त्यांना शिम म्हणतात. एका शिममध्ये आणि दुसऱ्यात जाडीचा फरक मिलिमीटरच्या दशांशाचा. चुकीची शिम बसली तर नवा क्लचसुद्धा पहिल्या दिवसापासून थरथरतो. मिस्त्री एक शिम ठेवतात, मोजतात, काढतात. दुसरी ठेवतात. पुन्हा मोजतात. कागदावर शिसपेन्सिलीनं आकडा लिहितात आणि आधीचा खोडतात.

सगळं बसलं की शेवटचं काम स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राचं. नवा क्लच नेमका कुठे धरायला लागतो, हे गिअरबॉक्सला शिकवावं लागतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर गाडीची कंपनी बाहेरच्या गॅरेजला देत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या बनावटीचा स्कॅनर स्वतःच्या खिशातून घेतला आणि दोन वर्षं चुकत-चुकत शिकले. हात आहेत, माप आहे, अनुभव आहे. कुलूप फक्त माहितीला आहे.

[दृश्य: आदेशाचं पहिलं पान, वरून खाली.]

हे कुलूप काढायला सांगून बरीच वर्षं झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं खुल्या बाजारात द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्या आदेशात आहे. पुढे अपिलं झाली, काही कंपन्यांचा दंड कमी झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्रही आहे. सीएसटी रोडवरचा स्कॅनर अजून मिस्त्रींच्याच पैशांचा आहे.

[दृश्य: वांद्रे पूर्व, ग्राहक आयोगाच्या इमारतीबाहेर. ताई फाइल घेऊन आत जातात.]

मुलुंडच्या ताईंनी ग्राहक आयोगात तक्रार केलीय. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. जॉबकार्ड जपून ठेवा आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सुरक्षेला बाधा आणणारा दोष असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं, पण सात वर्षांच्या आतल्याच गाड्या. बाबांची आठ वर्षांची.

[दृश्य: गॅरेजबाहेर, संध्याकाळ. मिस्त्री आणि बाबा गाडीत. मागच्या सीटवरून शूट.]

बाइट, मिस्त्री: "काका, ट्रॅफिकमध्ये पुढच्याच्या मागे इंच-इंच सरकू नका. जागा होऊ द्या. मग सोडा, चालवा, पूर्ण थांबा. ब्रेक दाबा नीट. अर्धा दाबाल तर ती अर्ध्या क्लचवरच राहणार. आणि पुलावर ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवायची नाही. हँडब्रेक आहे की."

बाबा: "आणि मागच्यानं हॉर्न मारला तर?"

मिस्त्री: "मारू दे. प्लेट तुमची आहे, त्याची नाही."

बिल एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आलं. व्हॉल्व्ह, क्लचचा संच, तेल, मजुरी. जुना व्हॉल्व्ह बाबांनी मागून घेतला.

[दृश्य: भांडुपचं पार्किंग, दुसऱ्या दिवशीची सकाळ. तोच ट्रे. वॉचमन सवयीनं बोनेटकडे येतात. बाबा काच खाली करून त्यांना हातानं थांबवतात. लिव्हर आर वर. मागचा पांढरा दिवा. गाडी मागे येते. डायरी डॅशबोर्डवर, तिच्यावर करंगळीएवढा व्हॉल्व्ह.]

[निवेदन नाही.]