अहवालाला उत्तर हवं

नमस्कार श्रोतेहो.

माझ्यासमोर आत्ता एक वही आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, कडा ओलीनं फुगलेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथल्या पर्जन्यमापकाची सकाळी साडेआठची नोंद या वहीत आहे. मुलं आळीपाळीनं पाणी मोजायची, मी ताडून बघून लिहायची. रविवार असो की गणपतीची सुट्टी, कुणीतरी इरलं नाहीतर छत्री घेऊन यायचंच.

ही वही एकदा एका सरकारी समितीपुढे गेली होती. पाऊस आणि दरडींविषयी लोकांचं ऐकून घ्यायला ती मंडळी तालुक्याला आली होती. मी पानांच्या झेरॉक्स दिल्या. एका सदस्यांनी त्या नीट पाहिल्या, एकाच दिवसात कोसळलेल्या पावसाच्या तारखा स्वतःच्या डायरीत उतरवून घेतल्या. मला फार बरं वाटलं. पुढे अहवाल सादर झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. तो वाचायला मिळावा म्हणून मी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

आज मला हवामान बदलाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक समितीबद्दल बोलायचं आहे. अशा समितीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, तिच्यात कोण कोण असणार? माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समितीनं अहवाल दिला, की त्याला उत्तर कोण देणार, आणि कधीपर्यंत?

पश्चिम घाटाचंच बघा. घाटातलं निसर्गाच्या दृष्टीनं नाजूक क्षेत्र कोणतं आणि ते कसं जपायचं, हे सांगायला मार्च 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. गटानं 31 ऑगस्ट 2011 ला अहवाल दिला, आणि तो मंत्रालयातच राहिला. केरळमधल्या एका नागरिकानं माहितीच्या अधिकारात तो मागितला, नकार मिळाला. प्रकरण केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यापुढे गेलं. अहवाल लोकांना द्या, असा आदेश त्यांनी एप्रिल 2012 मध्ये दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथेही हरलं, तेव्हा कुठे मे 2012 मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला.

हे जवळजवळ नऊ महिने मला फार महत्त्वाचे वाटतात. अहवालात काय आहे ते लोकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी काहीही सांगावं आणि लोकांनी घाबरावं, असं झालं. आता आंबा-काजूची कलमं लावता येणार नाहीत, घराला वीट चढवता येणार नाही, अशा गोष्टी मी माझ्या कानांनी एसटीत ऐकल्या आहेत. प्रत्यक्षात गाडगीळांचं सांगणं असं होतं की अहवाल लोकांच्या भाषेत करा, ग्रामसभांपुढे ठेवा आणि त्यांना ठरवू द्या. तेच आधी झालं असतं, तर निदान भांडण तरी खऱ्या मजकुरावर झालं असतं. मग त्याच विषयावर अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट आला. मग घाटातलं नाजूक क्षेत्र ठरवणाऱ्या मसुदा अधिसूचना निघू लागल्या. 2014 पासून 2024 पर्यंत सहा मसुदे निघाले. सहावा निघाला 31 जुलै 2024 ला, वायनाडमध्ये दरडींखाली गावं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता दुसरं उदाहरण सांगते, ब्रिटनचं. गेल्या दोन शतकांत कोळसा जाळून हवेत धूर सोडण्यात तो देश फार पुढे होता, तेव्हा आपण त्याच्या पाया पडायचं कारण नाही. पण सरकारला सल्ला देणारी तिथली हवामान बदल समिती कशी उभी राहिली, ते शिकण्यासारखं आहे.

2008 मध्ये तिथल्या संसदेपुढे हवामान बदलाचं विधेयक होतं. 2050 पर्यंत कार्बनचं उत्सर्जन 1990 च्या तुलनेत 60 टक्के कमी करायचं, असं त्यात लिहिलेलं. समिती तेव्हा रीतसर स्थापनही झाली नव्हती, लॉर्ड अडेर टर्नर यांच्याकडे तिची धुरा होती. त्यांनी ऑक्टोबरमध्ये सरकारला कळवलं की 60 पुरेसं नाही, 80 हवं. 26 नोव्हेंबर 2008 ला कायदा झाला तो 80 टक्क्यांचा. पुढे मे 2019 मध्ये याच समितीनं सांगितलं की आता निव्वळ उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडलेल्यातून शोषून घेतलेलं वजा करून उरतं ते, शून्यावर आणा, आणि त्याच जूनमध्ये कायदा बदलला गेला.

समितीचा शब्द इतका चालतो, कारण तिची मुळं कायद्यात आहेत. दरवर्षी 30 जूनपर्यंत ती संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवते, आणि सरकारला 15 ऑक्टोबरपर्यंत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. कार्बनच्या मर्यादेबाबत सल्ला मानायचा नसेल, तर का मानत नाही ते जाहीरपणे लिहावं लागतं. निर्णय सरकारचाच असतो. फक्त गप्प बसायची सोय नाही. 2023 च्या अहवालात समितीनं स्पष्ट लिहिलं, की सरकार आपली उद्दिष्टं गाठेल हा आमचा विश्वास आणखी कमी झाला आहे. असं लिहूनही समिती जागेवर राहते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे जून 2007 मध्ये पंतप्रधानांची हवामान बदल परिषद स्थापन झाली. तिच्या विचारातून 2008 चा राष्ट्रीय कृती आराखडा आणि त्यातली आठ अभियानं आली, तेव्हा ती निष्फळ होती असं मी म्हणणार नाही. पण तिचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान. सल्ला देणारे आणि घेणारे एकाच टेबलाशी. घरातल्या थोरल्यासमोर बसून त्याचीच चूक दाखवणं किती जड जातं, ते आपण सगळे जाणतो.

आणि विज्ञानाची आपल्याकडे वाण नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, अरबी समुद्रावरून येणारं बाष्प त्यामागे आहे, हे तिथल्याच शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं 2017 मध्ये जगापुढे आलं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. मोहोर का करपतो, तूर फुलोऱ्यात असताना पाऊस आला की काय होतं, हे तिथली माणसं रोज बघतात.

पण गावातला साकव बांधताना, रस्त्याखाली मोरी टाकताना पाणी किती येईल याचा हिशेब कुठल्या वर्षांच्या पावसावर करायचा? जुन्या पावसावर केला, तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी रस्त्यावरून जातं. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी घराघरांत शिरली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. अभ्यास पाषाणला आणि मोरीचा आराखडा तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात, या दोघांची गाठ घालून देणं हेच समितीचं खरं काम.

म्हणून महाराष्ट्रात अशी समिती नेमायची असेल, तर शासन निर्णयावर भागवू नये, विधिमंडळात कायदा करावा. निर्णय एका सहीनं निघतो आणि एका सहीनं रद्द होतो. अहवाल मंत्र्यांच्या हाती पडेल त्याच दिवशी तो मराठीत लोकांपुढे यावा. आणि सरकारनं ठरलेल्या तारखेच्या आत एकेका शिफारशीवर मानली की नाही, आणि नाही तर का, ते सभागृहात सांगावं. समितीला स्वतःचा कर्मचारीवर्ग आणि स्वतःचा पैसा हवा, म्हणजे टाचणीसाठीही तिला खात्याकडे हात पसरावा लागणार नाही.

माझ्यानंतर शाळेत आलेल्या बाईंनी नोंदी बंद पडू दिल्या नाहीत. त्यांची दुसरी वही सुरू आहे. परवा त्यांनी विचारलं, पुन्हा कुणी समिती आली तर झेरॉक्स द्यायच्या का? मी म्हटलं, द्यायच्या. पण पोच घ्यायची, आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल ते त्या पोचेवर लिहून घ्यायचं.

नमस्कार.