एक धुराडं, तीन टरेट

मुंबई बंदरातल्या एका युद्धनौकेचं हे जुनं कृष्णधवल छायाचित्र. ते थोडा वेळ पडद्यावर तसंच राहू द्या.

घाईत पाहिलं तर राखाडी रंगाचं एक लांबलचक जहाज, एवढंच दिसतं. आता मधोमध पाहा. धुराडं एकच आहे, आणि ते चांगलंच रुंद आहे. पुढच्या अंगाला दोन टरेट आहेत. टरेट म्हणजे तोफा बसवलेली फिरती पोलादी खोली. पहिल्याच्या डोक्यावरून दुसऱ्याला गोळा टाकता यावा म्हणून दुसरा थोडा उंचावर आहे. मागच्या अंगाला मात्र एकच टरेट. त्याच्या पुढ्यात, जिथे त्याचा जोडीदार असायला हवा, तिथे टरेट नाही.

पुढे दोन आणि मागे एक अशी मांडणी मुळात कुणी आखली नव्हती. ती तशी का झाली, हे कळलं की या जहाजाची निम्मी गोष्ट कळते.

ही आयएनएस दिल्ली, स्वतंत्र भारताच्या नौदलाची पहिली क्रूझर. क्रूझर म्हणजे लांब पल्ल्याची, वेगवान, मधल्या आकाराची युद्धनौका. तिचं मूळ नाव अकिलीस. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत १९३१ मध्ये तिचा कणा घातला गेला, १ सप्टेंबर १९३२ ला ती पाण्यात उतरली आणि १९३३ मध्ये नौदलात दाखल झाली. जात लिअँडर वर्गाची हलकी क्रूझर.

हलकी म्हणजे काय, हे आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्याच शब्दात अडकलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या देशांनी आपापसात ठरवून युद्धनौकांवर मर्यादा घातल्या. १९३० च्या लंडन करारानं ब्रिटनला सगळ्या क्रूझर मिळून ३,३९,००० टनांची परवानगी दिली. रेशन कार्डावर साखर मिळावी तसे टन. घरात खाणारी तोंडं जास्त असली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. ब्रिटनचे व्यापारी मार्ग जगभर पसरलेले, त्यामुळे त्याला जहाजं पुष्कळ हवी होती. दहा हजार टनांची एकेक बांधत बसलं असतं तर आकडा पुरला नसता. म्हणून लिअँडर वर्ग साधारण सात हजार टनांत बसवला.

सात हजार टनांत वेग हवा, तोफा हव्या, लांबचा पल्ला हवा, आणि चिलखतही हवं. पोलादाचा प्रत्येक टन कुठे घालायचा याचा हिशेब करायचा होता. जहाजाचा आराखडा करणाऱ्यांना हा हिशेब कागदावर करावा लागतो आणि तो चुकला तर किंमत समुद्रावर दुसरं कुणी देतं. मला या जहाजाबद्दल बोलावंसं वाटतं ते यासाठीच.

वेगापासून सुरुवात करू. अकिलीसची लांबी १६९ मीटर आणि रुंदी १७ मीटर. एक हात रुंद तर दहा हात लांब. असं सडपातळ अंग पाणी कमी अडवतं. आत सहा बॉयलर, पार्सन्सच्या वाफेच्या टर्बाइन, जहाज पुढे ढकलणारे पाण्याखालचे चार पंखे आणि ७२,००० अश्वशक्ती. वेग साडेबत्तीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर.

आता त्या रुंद धुराड्याकडे वळू. सहाही बॉयलर पुढच्या बाजूला, एकापाठोपाठच्या खोल्यांत. टर्बाइन त्यांच्या मागे. सगळ्या बॉयलरचा धूर डेकखालीच एकत्र आणून एकाच धुराड्यातून सोडला. त्यामुळे वरचा डेक मोकळा राहिला. विमानविरोधी तोफांना आणि विमान उडवायच्या कॅटापल्टला जागा मिळाली. दिसायलाही जहाज देखणं झालं. पण बॉयलर सगळे एका जागी, टर्बाइन सगळ्या दुसऱ्या जागी. त्या भागात एक टॉर्पेडो लागला आणि वाफ गेली तर चारही पंखे एकदम थांबायचा धोका. ब्रिटिश नौदलाला हे कळत होतं. म्हणूनच या वर्गाच्या पुढच्या तीन जहाजांत, जी पुढे ऑस्ट्रेलियाकडे गेली त्या सिडनी, पर्थ आणि होबार्टमध्ये, बॉयलर आणि टर्बाइन यांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या केल्या. एक जोडी पाण्याखाली गेली तरी दुसरी चालावी. बॉयलर दोन ठिकाणी म्हणून त्यांची धुराडीही दोन. ज्या जहाजावरून वर्गाला नाव पडलं ती लिअँडर आणि तिच्या या धाकट्या बहिणी लांबून ओळखायच्या असतील तर धुराडी मोजावीत.

ही भीती खोटी नव्हती. जुलै १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या कोलोम्बांगाराच्या लढाईत खुद्द लिअँडरला मधोमध एक जपानी टॉर्पेडो लागला. ती बुडाली नाही, पण त्या युद्धात पुन्हा लढायलाही आली नाही.

आता चिलखत. बॉयलर आणि टर्बाइनच्या बाजूंना पोलादाची जाडी सगळी मिळून चार इंच. पाण्याच्या पातळीजवळच्या दारूगोळ्याच्या कोठारांनाही तसाच जाड पत्रा. आणि टरेटला? एक इंच. अंगठ्याचं टोकाचं पेर पाहा, साधारण तेवढं. त्या एक इंचाच्या आत दोन तोफा आणि त्या भरणारी माणसं.

हा निष्काळजीपणा नव्हता, हिशेब होता. कोठार पेटलं तर सगळं जहाज जातं. टरेट गेला तर एक टरेट जातो. शिवाय टरेट डेकच्या वर बसतो. उंचावर वजन वाढवलं की जहाज झोकांड्या खातं. डोक्यावरचा हंडा जड झाला की चाल बिघडते तसं. म्हणून टरेटला फक्त ठिकऱ्या अडतील एवढाच पत्रा दिला. थेट बसलेला मोठा गोळा तो अडवणार नव्हता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात उभं राहणाऱ्यांनाही.

तोफा आठ, चार टरेटमध्ये दोन-दोन. व्यास सहा इंच. पुढच्या टरेटना ए आणि बी म्हणत, मागच्यांना एक्स आणि वाय. मधली अक्षरं जहाजाच्या मधोमध बसणाऱ्या टरेटसाठी राखून ठेवायची ब्रिटिश पद्धत होती. एका गोळ्याचं वजन ५१ किलो. सिमेंटची गोणी उचलली असेल त्याला हे वजन वेगळं सांगायला नको. तोफेत आधी गोळा जायचा, मग त्याच्यामागे दारूची रेशमी पिशवी. रेशीम एवढ्यासाठी, की ते पूर्ण जळून जातं. मागे धुमसती चिंधी राहिली तर पुढची पिशवी हातातच पेटायची. चांगले हात असले तर एक तोफ मिनिटाला सहा-सात गोळे टाकायची, आणि गोळा तेवीस किलोमीटरपर्यंत जायचा.

पण तेवीस किलोमीटरवरचं जहाज टरेटमधून दिसतच नाही. नेम टरेटमधले लोक धरत नसत. पूल म्हणजे कॅप्टन जिथून जहाज चालवतो ती जागा; त्या पुलाच्या वर, उंचावर, डायरेक्टर टॉवर नावाची एक लहानशी खोली होती. तोफखान्याचा अधिकारी तिथे दुर्बिणीला डोळा लावून बसायचा. अंतर, दिशा, शत्रूचा वेग, सगळं तिथून थेट जहाजाच्या पोटातल्या एका कक्षात जायचं. तिथे दातेरी चाकांचं एक मोठं टेबल होतं. संगणक हा शब्द रूढ व्हायच्या आधीचा हा संगणक. चाकं फिरवून आकडे घालायचे, आणि गोळा पोचेपर्यंत शत्रू कुठे असेल हे ते यंत्र सांगायचं. ब्रिटिश नौदलात या कक्षात बहुधा बँडवाल्यांना नेमत. सकाळी डेकवर वाजवायचे, लढाईत खाली बसून चाकं फिरवायचे.

म्हणजे आठ तोफांचे डोळे एका खोलीत. ती खोली उंच, म्हणून हलकी. हलकी म्हणून पातळ पत्र्याची.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिका, रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाबाहेरचा समुद्र. कमोडोर हेन्री हारवूड यांच्या हाताखाली तीन क्रूझर होत्या: एजॅक्स, अकिलीस आणि एक्सेटर. समोर जर्मनीची अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे. तिच्या तोफा सहाच, पण २८ सेंटिमीटर व्यासाच्या. व्यास दुपटीलाही पोचत नाही, पण गोळ्याचं वजन पाहा: ३०० किलो. व्यास वाढला की वजन घनाच्या हिशेबानं वाढतं. अकिलीसच्या आठही तोफा एकदम उडाल्या तर साधारण चारशे किलो लोखंड जायचं; ग्राफ श्पेच्या सहा तोफांचं अठराशे. शिवाय तिचा पल्ला कितीतरी लांब.

कागदावर ही लढाई ग्राफ श्पेची होती. हारवूडनी आपली जहाजं दोन बाजूंना फाकवली, म्हणजे मोठ्या तोफांना लक्ष्य विभागावं लागावं. एक्सेटरला सगळ्यात जास्त मार बसला. तिचे टरेट एकेक करून निकामी होत गेले आणि शेवटी तिला बाजूला व्हावं लागलं. दोन हलक्या क्रूझर मात्र वेगाच्या जोरावर वळणं घेत चिकटून राहिल्या.

एक गोळा अकिलीसच्या अलीकडे पाण्यात पडून फुटला. थेट बसला नाही. फक्त ठिकऱ्या आल्या. त्या डायरेक्टर टॉवरच्या पत्र्यातून आरपार गेल्या. टॉवरमधली माणसं जागीच कोसळली, खाली पुलावर कॅप्टन एडवर्ड पॅरी यांच्या पायांना जखमा झाल्या. त्या सकाळी अकिलीसचे चार जण गेले. थोडा वेळ मागच्या राखीव केंद्रानं नेम सांभाळला. मग टॉवरमधले वाचलेले लोक, शेजारी मित्र पडलेले असताना, पुन्हा दुर्बिणीला लागले. आठ तोफा दोनशेहून जास्त वेळा एकत्र धडाडल्या.

ग्राफ श्पेच्या हिशेबातही एक भोक होतं. ती डिझेलवर चालायची, म्हणून तिचा प्रवासाचा पल्ला अफाट. पण इंधन इंजिनात जाण्याआधी ते स्वच्छ करणारी यंत्रणा चिलखताबाहेर राहिली होती. ती या लढाईत मोडली. घर हजारो मैल लांब आणि टाकीतलं तेल जसंच्या तसं वापरता येईना. कॅप्टन हान्स लांग्सडॉर्फ यांनी माँटेव्हिडिओ बंदर गाठलं आणि १७ डिसेंबरला बंदराबाहेर नेऊन स्वतःच आपलं जहाज उडवून दिलं.

अकिलीस न्यूझीलंडला परतली. ती ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागात होती आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी तिथलेच होते. पुढे ती पॅसिफिकमध्ये जपानविरुद्ध लढली, आणि तिथे त्या पातळ पत्र्याचा दुसरा हप्ता वसूल झाला. ५ जानेवारी १९४३, ग्वादलकनालजवळ, एका जपानी विमानाचा बॉम्ब थेट एक्स टरेटवर पडला. तेरा जण गेले. आराखड्यात लिहिलं होतं तसंच घडलं: टरेट गेला, जहाज वाचलं.

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला दुरुस्ती झाली तेव्हा एक्स टरेट पुन्हा बसवला नाही. युद्ध बदललं होतं. संकट आता आकाशातून येत होतं, आणि विमानविरोधी तोफा वाढवायच्या तर उंचावरचं दुसरं काहीतरी वजन उतरवणं भाग होतं. एक्सच्या जागी लहान विमानविरोधी तोफा आल्या. पुढे दोन, मागे एक. आपल्या छायाचित्रातली मांडणी ही अशी आली.

५ जुलै १९४८ ला हे जहाज भारतीय नौदलात दिल्ली या नावानं दाखल झालं आणि त्याच सप्टेंबरात मुंबईला आलं. तिचे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी, होते कमांडर रामदास कटारी. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, तेच नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. नव्या देशाच्या नौदलातल्या कितीतरी अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी मोठं जहाज चालवणं म्हणजे काय, हे याच डेकवर शिकून घेतलं. १९५० मध्ये पंतप्रधान नेहरू इंडोनेशियाला गेले तेही दिल्लीवरूनच. १९५६ मध्ये प्लाताच्या लढाईवर एक इंग्रजी चित्रपट आला, त्यात आपल्या दिल्लीनं अकिलीसची, म्हणजे स्वतःचीच भूमिका केली.

१९५७ मध्ये दुसरी क्रूझर आली, आयएनएस म्हैसूर. पूर्वीची ब्रिटिश नायजेरिया. तिच्यावर मुळात तीन-तीन तोफांचे चार टरेट होते, आणि गंमत पाहा, तिचाही एक्स टरेट काढलेला होता. भारताच्या दोन्ही क्रूझर समोरासमोर ठेवल्या तर मागची तीच एक जागा दोघींची रिकामी.

डिसेंबर १९६१. गोवा, दमण आणि दीव मुक्त करायची मोहीम. म्हैसूर कारवारसमोरच्या अंजदीव बेटाच्या कारवाईत होती. दिल्ली गेली दीवला. समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या दीवच्या किल्ल्यावर तिनं आपल्या सहा इंची तोफा डागल्या. ग्राफ श्पेशी झुंजलेल्या चारपैकी उरलेले तीन टरेट, बावीस वर्षांनी, आपल्या किनाऱ्यावर.

३० जून १९७८ ला मुंबईत दिल्ली निवृत्त झाली आणि मग भंगारात निघाली. रुंद धुराडं, ७२,००० अश्वशक्तीच्या टर्बाइन, दातेरी चाकं, सगळं तुकड्यांत गेलं. पण एक टरेट भारतानं राखला आणि न्यूझीलंडला भेट दिला.

तो आज ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी उभा आहे. दोन सहा इंची तोफा, खाली काँक्रीटचा चौथरा, भोवती हिरवळ. हा वाय टरेट. जहाजावर तो अगदी मागे होता. त्याच्या पुढ्यात, काही पावलांवर, थोडासा उंचावर एक्स होता. ५ जानेवारी १९४३ ला बॉम्ब पडला तेव्हा या टरेटमधल्या माणसांमध्ये आणि त्या स्फोटामध्ये हाच पत्रा होता.