कुठं करू सही?

श्रोतेहो, नमस्कार.

स्त्रीवाद म्हटलं की आमच्या पारावर लोक हसतात. मीही हसायचो. शिकलेल्या बायकांचं शहरातलं काहीतरी खूळ असेल, असं वाटायचं. आज तो शब्द जरा बाजूला ठेवतो आणि सातबाऱ्याबद्दल बोलतो.

वडील गेले. त्यांनी स्वतः घेतलेली पावणेचार एकर जमीन. वारस म्हणून आई, ताई आणि मी अशी तीन नावं लागली. महिन्याभरात मी ताईला हक्कसोडपत्रासाठी तालुक्याला नेलं. जबरदस्ती कुणीच केली नाही बरं का. तिनं एवढंच विचारलं, “कुठं करू सही?” मग यंत्रावर अंगठा. निंदणी-खुरपणीनं रेषा झिजलेल्या. तीनदा उमटलाच नाही. चौथ्यांदा उमटला. येताना मी तिला साडी घेतली, मिसळ खाऊ घातली. सव्वा एकराच्या बदल्यात! एसटीत ती म्हणाली, “माहेर तुटायला नको रे.”

वडिलांनी स्वतः घेतलेल्या अशा जमिनीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रानं तो १९९४ साली दिला, देशभर २००५ साली आला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर सही घ्यायची घाई.

पुढं चार वर्षांनी दाजी गेले, बसल्या जागी. तिकडची जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर. वीस वर्षं त्या रानात राबलेली माझी बहीण कागदावर शेतकरीच नाही. नावावर जमीन नाही, म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार नाहीत.

पण मला खरा चटका बसला तो निराळ्याच गोष्टीनं. दहाव्याला उधारी मागायला लोक आले. खतवाला, एक सावकार, एक चुलतभाऊ. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. बाईमाणसाला काय सांगायचं, म्हणून दाजींनी सगळं एकट्यानं पोटात ठेवलं होतं. रात्री छातीवर हात ठेवून पडून राहायचे म्हणे. पित्त झालंय, असं सांगायचे. सगळं पुरुषाच्या नावावर ठेवायची रीत आहे ना आपली, त्यात काळजीही येते. त्या माणसाला बायकोजवळ चार आकडे मोकळेपणानं बोलता आले असते तर, असं मला अजून वाटत राहतं.

शेतकऱ्यांमध्ये हा विचार काही आजचा नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की बायकोच्या नावावर जमीन करा. खूप जणांनी केली. आमच्या पारावरचे तेव्हाही हसत होते.

गेल्या महिन्यात मी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला अर्ज दिला. ती म्हणाली, “कशाला? काही दुखतंय का तुम्हाला?”

आईनं ते ऐकलं. रात्री ताट वाढताना म्हणाली, “माझा वाटा मी ताईला देणार. आधी वाटप करून घेऊ, त्यावर तुझी सही लागेल. आणि या दिवाळीला तिला साडी आणू नकोस.”

मी विचारलं, “कुठं करू?”

नमस्कार.