बॅटरीतली एक डिग्री

नमस्कार श्रोतेहो. विजेच्या गाडीच्या हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन तापवणाऱ्या यंत्रावर, साचणारं हिम, हा आजचा विषय. त्यासाठी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बर्गनला जाऊ. तिथला हिवाळा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि कायम ओला असतो. हीट पंपाला नेमकी हीच हवा जड जाते. शून्य अंशाच्या दमट हवेत घनमीटरमागे जवळपास ५ ग्रॅम वाफ असते, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा ओल्या थंडीत हिम जास्त धरतं.

गाडीच्या तोंडाशी, जाळीमागे पंपाची बाहेरची कॉइल, म्हणजे पातळ पात्या लावलेल्या नळ्या, असते. हवेतली उष्णता ओढायची, तर ती हवेपेक्षा थंडच असावी लागते. मग वाफ तिच्या पात्यांवर गोठते. पात्यांमधली फट एक-दीड मिलिमीटरची. पांढरी लव धरली की हवा अडते, हवा अडली की कॉइल आणखी थंड होते आणि हिम आणखी भराभर वाढतं.

हिम वितळवायची जुनी रीत म्हणजे पंपाचं चक्र उलटं फिरवून केबिनमधली उष्णता बाहेर नेणं. त्यात पाय गारठतात, ते एक वेळ सोसता येईल. पण समोरची काच धुरकटते, आणि ते धोक्याचं आहे.

मग केबिनऐवजी बॅटरीतली उष्णता वापरली तर? आता हिशेब बघा. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ४०० किलोची बॅटरी एक अंशाने निवली, तर साधारण ४०० किलोज्यूल मिळतात. एक अंश! धातू तापवण्यात आणि वाऱ्यावर जाणारी उष्णता धरली तरी दोन-तीन अंशांत काम भागतं. मोटरची वाया जाणारी उष्णता कूलंटमधून, म्हणजे मोटर आणि बॅटरीभोवती फिरणाऱ्या द्रवातून, बॅटरीत आधीच साठवलेली असली, तर केबिनला हात लावावा लागत नाही.

क्रम असा. बाहेरची हवा तीच असताना कॉइलचं तापमान घसरत चाललं, की हिम धरलं असं समजायचं. जाळीची झडप मिटायची, पंखा बंद करायचा. धावत्या गाडीत हे राहिलं तर सगळी ऊब वारा पळवतो. मग व्हॉल्व्ह फिरवून रेफ्रिजरंटने, म्हणजे पंपात फिरून उष्णता वाहणाऱ्या पदार्थाने, चिलरमधल्या (जिथे तो आणि कूलंट उष्णतेची देवाणघेवाण करतात) कोमट कूलंटची उष्णता घ्यायची आणि कॉम्प्रेसरचा गरम वायू बाहेरच्या कॉइलमध्ये सोडायचा. कॉइलमधून बाहेर पडणारं रेफ्रिजरंट शून्याच्या चांगलं वर येईपर्यंत थांबायचं नाही.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पांढरेपणा गेला म्हणून लगेच आवरतं घेतलं, तर पात्यांमध्ये थेंब अडकून राहतात आणि पुढच्या फेरीत त्यांचा टणक बर्फ होतो. तो भुसभुशीत हिमापेक्षा कितीतरी चिवट. म्हणून पाणी निथळू द्यायचं, मग पंखा थोडा वेळ फिरवायचा. खालची निचऱ्याची भोकं पानांनी किंवा रस्त्यावरच्या मिठाच्या चिखलाने बुजली असतील, तर बाकी सगळं बरोबर असूनही कॉइलचा तळ गोठलेलाच राहतो.

रात्रभर उघड्यावर गारठलेल्या बॅटरीकडून मात्र काही मागू नये. फार थंड बॅटरी ब्रेकची परत येणारी वीज नीट घेत नाही. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर आत लिथियम धातू साचतो. गाडी चार्जरला लावलेली असतानाच, निघण्याआधी, बॅटरी आणि केबिन दोन्ही तापवून घ्या. उष्णतेचा साठा तिथेच भरतो.

आणि सिग्नलला थांबल्यावर गाडीच्या पुढून पांढरी वाफ उठली तर घाबरू नका, हिम वितळतं आहे. ती काही क्षणांत विरते आणि तिला वास नसतो. जळका वास आला, तर गाडी बाजूला घेऊन ताबडतोब बाहेर पडा.