बादलीतलं केमिस्ट्री

मागे बसलेल्यांनी जरा पुढे या, माईक खरखरतोय. विषय तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यातलाच आहे, जिथे टॉयलेट क्लीनर, रिन आला नावाचं कपड्यांचं ब्लीच, फिनाईल आणि दारावर सुटं मिळणारं ॲसिड अशी सगळी मंडळी एका बादलीत उभी असतात. दिवाळीची साफसफाई निघाली, डाग एकाने गेला नाही, की आपण म्हणतो चला दोन्ही ओतूया, डबल इफेक्ट. डबल बिबल काही होत नाही हो, बहुतेक वेळा एक दुसऱ्याचं काम बिघडवतो, आणि कधीकधी तिसरंच काहीतरी तयार होतं.

आता बघा, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते बाटलीत शांत बसतं कारण त्यात मुद्दाम अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाची वस्तू, ठेवलेली असते. टॉयलेट क्लीनरची बाटली उलटी करून लेबल वाचा, बऱ्याच ठिकाणी हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं दिसेल. हे दोघं भेटले की क्लोरीन गॅस सुटतो, तोच जो १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रला युद्धात वापरला होता. हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणजे तो वर जात नाही, फरशीवर साचतो, आणि आपण तिथेच उकिडवे बसून ब्रश घासत असतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत बर्लिंग्टन गावात एका रेस्टॉरंटच्या फरशीवर असेच दोन क्लीनर एकत्र आले आणि तिथला मॅनेजर वायपरने ते बाहेर ढकलायला गेला, वारला बिचारा. म्हणून सांगतो, डोळे चुरचुरले, घसा आवळला की पाणी ओतत, पुसत बसू नका, सगळं तसंच टाकून बाहेर पडा, बाकीच्यांनाही बाहेर काढा. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवा, कारण फुफ्फुसात पाणी काही तासांनीसुद्धा भरू शकतं.

कोरोनात तर कहर झाला. अमेरिकेतल्या पॉयझन सेंटर्सना, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्रांना, २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत क्लीनर-जंतुनाशकांच्या प्रकरणांचे ४५,५५० फोन आले, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त. एका बाईंनी तर ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी सिंकमध्ये एकत्र करून त्यात भाज्या बुडवल्या होत्या, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. भाजीला नळाचं पाणी पुरतं, खरंच पुरतं.

औषधाच्या डब्याकडे येऊ. जखम साबणाने धुतली आणि फेस न काढताच वर सॅव्हलॉन ओतलं तर सॅव्हलॉन निकामी होतं, कारण त्यातलं सेट्रिमाइड आणि साबण एकमेकांना मारतात, मध्ये स्वच्छ पाणी हवंच. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत भरून ठेवणारे लोक आहेत, त्यातून पेरॲसिटिक ॲसिड बनतं, ते डोळ्यांना, घशाला झोंबतं. ब्लीचमध्ये सॅनिटायझर किंवा स्पिरिट तर अजिबात नको. आणि आजीच्या काळातलं लाल औषध कुणाकडे असेल तर त्यावर आयोडीन लावू नका, त्या लाल औषधात पारा असतो, दोन्ही मिळून त्वचा भाजते.

हातावर ॲसिड सांडलं तर सोडा चोळायचा नाही, नळाखाली वीस मिनिटं हात धरायचा, डोळ्यालाही तेच. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, जाताना जसं जाळलं तसंच येताना जाळतं. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, टोल फ्री. ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांनी आज घरी जाऊन आधी ते तिथून हटवा, तहानलेलं पोर लेबल शोधत नाही.

हं, काकू, विचारा ना. खायचा सोडा आणि व्हिनेगर? ते चालतं, त्यातून फक्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे थोडं खारट पाणी उरतं, त्यामुळे मोठी सफाई वगैरे काही होत नाही, फेसाने मन भरतं इतकंच. फक्त झाकण लावून ठेवू नका, बाटली फुटते.